सातव्या चित्रात काय कमी आहे?

पुण्याहून दारव्ह्याला कोणी हौसेनं जात नाही. मीही गेले नसते. नवं राज्य होऊन वर्ष व्हायचं होतं आणि वरच्या कुणा साहेबांच्या डोक्यात आलं, की इकडच्या आणि विदर्भातल्या मानसशास्त्राच्या अध्यापकांनी एकदा एकत्र बसावं, एकमेकांचं शिकवणं पाहावं, संशोधन ऐकावं. आमच्या अध्यापक महाविद्यालयात आम्ही चौघं. पत्र आलं तशी एकाची कंबर धरली, दुसऱ्याच्या मेहुणीचं लग्न निघालं, तिसऱ्यानं कारण द्यायचेही कष्ट घेतले नाहीत. उरले मी, घरी ना नवरा ना मूल, तेव्हा बाईंना काय, कुठंही पाठवा.

पण खोटं कशाला बोलू? मी मनातून खूश होते. पत्रात शेवटी लिहिलं होतं, ‘आपल्या बुद्धिमापन चाचणीवर विशेष चर्चा होईल.’ ही चाचणी म्हणजे माझी सहा वर्षांची मेहनत. मूळ विलायती. त्यातली धुराडी, बर्फातल्या गाड्या, पाव भाजायच्या भट्ट्या मी निवडून निवडून बाहेर काढल्या आणि त्या जागी आपल्या घरातली चित्रं घातली. वीस चित्रं, प्रत्येकात एक वस्तू मुद्दाम गाळलेली, मुलानं ती ओळखायची. बैलगाडीला चाक नाही, रहाटाला दोर नाही, अशी. पुण्यातल्या चार शाळांत ती तपासून झाली होती. छापखान्यात जुळणी सुरू होती, आणि ती राज्यभर लावावी असं वर घाटत होतं. या भेटीचा चांगला अहवाल गेला, की काम फत्ते.

सोमवार

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडली आणि छोट्या गाडीत बसले. त्या गाडीबद्दल मी काही बोलणार नाही. दारव्ह्याला उतरले तेव्हा मार्चचं ऊन असं होतं की मला वाटलं, जवळपास कुठंतरी आग लागली आहे. न्यायला भगत सर आले होते. तिथल्या अध्यापन विद्यालयात मानसशास्त्र शिकवणारे. चाळिशीचे, सडपातळ, आणि त्या उन्हातही काळा कोट. विश्रामगृहात दौऱ्यावरचे साहेब उतरले होते, आणि लॉजमध्ये बाईमाणूस एकटी कशी राहणार, म्हणून माझी सोय त्यांच्या घरी होती. त्यांनी बैलांची छोटी रेंगी आणली होती. बसताना माझा पाय घसरला आणि चपलेचा अंगठा तिथंच तुटला. पुढचे चार दिवस मी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, चपला घालून वावरले.

रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापूस लागलेला होता. जिनिंगला जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला. मी विचारलं, हा कुणी गोळा करत नाही का? भगत सर म्हणाले, पाखरं करतात. घरटी मऊ असतात इकडची.

त्यांच्या वस्तीच्या वळणावर त्यांनी रेंगी थांबवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “बाई, आधीच सांगून ठेवतो. आम्ही छप्पनमध्ये नागपूरले दीक्षा घेतली. तुम्हाले अडचण असंल तर प्राचार्यांच्या घरी सोय होते. मले राग येणार नाही.”

मी म्हटलं, छे छे, अडचण कसली! आवाज जरा जास्तच मोठा निघाला. घरी गेल्यावर वहिनींनी पाण्याचा पेला पुढे केला, आणि माझा हात थांबला. क्षणभरच. पंधरा वर्षं मी वर्गात ‘पूर्वग्रह’ हा धडा शिकवते; मुली म्हणतात, बाई फार छान शिकवतात. मी पाणी प्याले. पण तो क्षण वहिनींनी पाहिला होता, आणि मी त्यांना पाहताना पाहिलं होतं. स्वतःचाच असा धक्का मला आयुष्यात कधी बसला नव्हता.

जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि तिच्यावर बोटभर लाल तेल. पहिल्याच घासाला मला ठसका लागला. डोळ्यांतून, नाकातून, जिथून म्हणून पाणी येतं तिथून पाणी. तोंडातून शब्द निघेना. तेवढ्यात भगत सरांची मुलगी रत्ना, वय वर्षं दहा, न सांगता उठली आणि माझ्या ताटात गुळाचा खडा ठेवून गेली. आमच्याकडे गूळ भाजीत घालतात; इकडे भाजी जशी आहे तशीच ठेवतात आणि गूळ हातात देतात. विचार केला तर हे जास्त प्रामाणिक आहे.

मंगळवार

विद्यालयाच्या दारात माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला. यवतमाळ, पुसद, उमरखेड, वणी, अकोला, कुठकुठून वीसेक अध्यापक जमले होते. प्राचार्यांनी ओळख करून दिली, “ज्यांची चाचणी आपण तीन वर्षांपासून वापरून राह्यलो, त्याच ह्या बाई.”

मी चाट पडले. वापरताहेत? तीन वर्षांपूर्वी कुणीतरी पत्र लिहून प्रत मागितली होती आणि मी चक्रमुद्रित प्रत पाठवली होती, ती वाचायला. इथं तिच्यावर विद्यालयाला जोडलेल्या शाळेतल्या चौथीच्या मुलांची वाटणी होत होती. वरची मुलं मिडलला, म्हणजे पाचवीत. खालची ‘क’ तुकडीत. ‘क’ला इंग्रजी नाही, भूगोल नाही, शास्त्र नाही, टकळी आणि चटया विणणं. प्राचार्य वाईट गृहस्थ नव्हते. आईबापांनी उगाच आशा लावून बसू नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं. यंदाची यादी तयार होती. म्हणाले, शुक्रवारी सकाळी तुमच्याच सहीनं फळ्यावर लावू.

तेव्हाच मी विचारायला हवं होतं, की पुण्याच्या मुलांवर बसवलेलं माप इथं कसं चालतं? हा प्रश्न माझी पहिल्या वर्षाची विद्यार्थिनीसुद्धा विचारते. पण त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि वरून हवा छान लागत होती. मी मान डोलावली.

दुपारी भगत सरांचा तास पाहिला आणि दुसरा धक्का बसला. चाचणी नाही, घड्याळ नाही, तक्ता नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांनी आधी दोन दिवस एकेका मुलाबरोबर राहायचं, त्याच्या घरी, विहिरीवर, शेतात, आणि एका वहीत लिहायचं. मूल काय करतं आणि काय बोलतं, एवढंच. ‘हुशार’, ‘आळशी’ असला एक शब्द दिसला तर पान फाडून परत. मत द्यायचं ते फक्त शेवटच्या पानावर.

मी नाकानं कांदे सोलत म्हटलं, म्हणजे तुम्ही गोष्टी लिहिता! ते शांतपणे हो म्हणाले. मग सगळ्यांसमोर एक कोरी वही माझ्या हातात देऊन म्हणाले, तुमची पद्धत आम्ही तीन वर्षं चालवून पाहिली, आमची तुम्ही दोन दिवस चालवून पाहा. मूल कोणतंही निवडा. नाही म्हणायची सोय नव्हती. आणि उन्हात कोण हिंडणार? मी म्हटलं, तुमच्या घरचीच मुलगी घेते. भगत सर म्हणाले, चालेल.

बुधवार

वहीतल्या नोंदी इथं सगळ्या देत नाही. एकच सांगते.

रत्नाच्या अंगणात गोठ्याची मेढ, म्हणजे लाकडी खांब, आहे आणि समोर मातीची भिंत. त्या भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढलेल्या दिसल्या. मला वाटलं, पोरांनी भिंत खराब केली. विचारलं, तर तिनं एकेक रेघ समजावली. मेढीची सावली या रेघेवर आली की शाळेला निघायचं. ही जिनच्या भोंग्याची. ही बाबा घरी यायची. पण प्रत्येकीच्या शेजारी आणखी एक रेघ होती. त्या कशाच्या?

“ह्या दिवाळीच्या अन् ह्या आत्ताच्या,” ती म्हणाली. “दिवाळीच्या रेघेवर भरोसा ठेवला न, तर मले शाळेले उशीर झाला. छडी बसली. मंग मी पाह्यत बसली, तं सावलीच जागा सोडून राह्यली. काहून बाई? सूर्य रस्ता बदलते का?”

मी पुण्याहून जर्मन स्टॉपवॉच घेऊन गेले होते. ते माझ्या पर्समध्ये टिकटिक करत होतं आणि मी त्या भिंतीसमोर तोंड उघडं टाकून उभी होते. सूर्याचा रस्ता बदलतो, हे मला शाळेत कुणीतरी सांगितलं म्हणून माहीत. या मुलीला कुणी सांगितलेलं नव्हतं. हिनं छडी खाऊन शोधून काढलं होतं.

मी तिला समजावायला बसले. कंदिलाभोवती लिंबू फिरवून दाखवलं. तिनं दोनच प्रश्न विचारले, आणि दुसऱ्याचं उत्तर मला आलं नाही. मग म्हणाली, मिडलला नकाशे शिकवतात म्हणे, त्यात हे असेल, नाही का? चुलीपाशी वहिनींचा भाकर थापणारा हात थांबला. मी मात्र फुशारकीनं म्हटलं, असेल तर! तू मिडलला जा, मी तुला पुण्याहून नकाशाचं पुस्तक पाठवते.

त्या संध्याकाळी मी शेवटचं पान लिहिलं. ‘निरीक्षणशक्ती असामान्य. चूक झाली की कारण शोधते. माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत पाहिलेल्या मुलांत पहिल्या तिघांत.’ खाली सही केली.

गुरुवार

माझं व्याख्यान बरं झालं. चाचणी कशी घ्यायची, उत्तरपत्रिका कशी वाचायची. शेवटी भगत सर उठले. त्यांच्या हातात एक उत्तरपत्रिका होती, नावावर कागदाची पट्टी चिकटवलेली. म्हणाले, बाईंनी एखादं उदाहरण घेऊन दाखवावं.

मी वाचली. पहिली सहा चित्रं बिनचूक आणि झटपट. सात, आठ, नऊ, दहा, या चारींना एकच उत्तर: ‘काही कमी नाही.’ लागोपाठ चार चुकली की थांबायचं, हा माझाच नियम. परीक्षकानं थांबवलं होतं. पुढची दहा चित्रं विचारलीच नव्हती, शून्य. मी खडू घेतला आणि वीस अध्यापकांना छान समजावून सांगितलं, की सुरुवातीची ही चमक फसवी असते. अवधान टिकत नाही, मूल विचार सोडून देतं आणि तेच तेच बोलत राहतं. ही मंदबुद्धीची नेमकी खूण. मिडलला हे मूल टिकणार नाही.

“शंका नाही?” भगत सरांनी विचारलं.

मी म्हटलं, अजिबात नाही.

त्यांनी पट्टी ओढून काढली. मग माझी वही उघडली आणि शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर दोन्हींवरचं नाव वाचलं. एकच नाव.

मला पहिल्यांदा आला तो राग. फसवलंत मला, असं मी भर सभेत म्हणाले. ते म्हणाले, फसवलं खरं. ही चाचणी इथं चालत नाही, हे तीन वर्षं ते प्राचार्यांना सांगत होते. पहिल्यांदा उत्तर मिळालं, पुण्याच्या बाईंनी केलेली चाचणी, तुम्ही कोण? यंदा उत्तर मिळालं, तुम्ही पोरीचे बाप म्हणून बोलता. “मंग मले वाटलं, बाईलेच पाहू द्यावं. तुम्ही रत्नाले नसतं निवडलं तरी चाललं असतं. आमच्या वस्तीतले नऊ लेकरं ‘क’च्या यादीत हायेत. कोणाच्याही घरी बसल्या असत्या तरी तुम्ही असंच काही लिहिलं असतं.”

मी ती चार चित्रं पर्समधून बाहेर काढली. सातवं: हातात पूजेचं ताट घेतलेली बाई आणि समोर रिकामा देव्हारा. अपेक्षित उत्तर: देव. आठवं: वृंदावन, उत्तर: तुळस. नववं: मुंजीतला बटू, उत्तर: जानवं. दहावं: सत्यनारायणाचा चौरंग, उत्तर: कलश. मी धुराडी काढली होती ना! मोठ्या अभिमानानं आपल्या घरातली चित्रं घातली होती. कुणाच्या घरातली? सदाशिव पेठेतल्या माझ्या घरातली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. चारी चित्रं लागोपाठ, आणि पुढं थांबायचा नियम. पुसदचे एक अध्यापक हळूच म्हणाले, की त्यांच्याकडे तांड्यावरची मुलंही नेमकी इथंच थांबतात; त्यांना वाटे, मुलांचाच दोष.

प्राचार्य घाम पुसत म्हणाले, चूक झाली, भगत सर. तुमच्या मुलीचं नाव आत्ता वर घेतो.

भगत सर म्हणाले, “माझ्या एकट्या पोरीचं नाव काढू नका. ‘क’मधे सारे मिळून तेवीस लेकरं हायेत. काढायचं तर सगळी यादी काढा, नाहीतर तिचंही राहू द्या.”

मागं कुणीतरी खुर्ची सरकवली. चहाची सुट्टी झाली.

मी बाहेर रस्त्यावरच्या निंबाखाली जाऊन उभी राहिले. तिथं माझ्या मनात काय काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मनात आलं, की चित्रांचा क्रम बदलला तर भागेल. मनात आलं, तेवीस मुलांसाठी सहा वर्षं पाण्यात घालायची? छापखाना, वरचे साहेब, पहिल्या पानावरचं माझं नाव. मनात हेही आलं, की हा माणूस त्या पेल्याचा सूड घेतोय. तेवढ्यात वहिनी दुपारचा डबा घेऊन आल्या. त्यांना आत काय झालं त्याचा पत्ता नव्हता. म्हणाल्या, ताई, तुमच्यासाठी भाजीत तिखट कमी घातलं. मी डबा घेतला, आणि मला रडू आलं. असं भसकन, रस्त्यावर.

आत गेले आणि यादीवर सही करायची होती तिथं लिहिलं, की ही चाचणी या शाळेतल्या मुलांना लावता येत नाही. यंदाचे आणि मागच्या तिन्ही वर्षांचे गुण ग्राह्य धरू नयेत. चूक चाचणी करणारीची आहे. मोठ्यानं वाचून दाखवलं. प्राचार्यांनी कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. मग म्हणाले, ठीक आहे. मिडल वार्षिक परीक्षेवर. शाबास त्यांची, त्यांनाही सोपं नव्हतं.

मी विचारलं, मागच्या तीन वर्षांची मुलं कुठं आहेत? त्यांना परत बोलवता येईल. भगत सरांनी सांगितलं. बरीच ‘क’मधूनही शाळा सोडून गेली. काही जिनमध्ये कामाला लागली, काही रानात. दोन मुलींची लग्नं झाली.

मी वही मिटली. त्या मुलींची नावं मी विचारली नाहीत. धीर झाला नाही.

शुक्रवार

सकाळी फळा कोराच होता. मी घरी येऊन सामान बांधलं. भगत सरांनी रत्नाला फक्त एवढंच सांगितलं होतं, की तू वार्षिक परीक्षा दे, पास झालीस की मिडल. तिला त्यात नवल वाटलं नाही. तिच्या मते ते आधीपासून तसंच होतं.

बैल जुंपत होते. ती माझी वळकटी धरून उभी होती. मला राहवेना. पुण्याला जायच्या आधी तिची एकदा माफी मागावी, निदान तिला जे माहीत नव्हतं ते समजावून सांगावं, असं वाटलं. शिक्षकी पेशा, दुसरं काय! मी म्हटलं, रत्ना, ते सातवं चित्र आठवतं? ताट घेतलेली बाई? त्या देव्हाऱ्यात ना, देव पाहिजे होता. तुला माहीत नसणार, त्यात तुझी चूक नाही.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मोठी माणसं कधीकधी किती वेडी असतात, तसं.

“मले माहीत होतं,” ती म्हणाली. “माह्या मैत्रिणीच्या घरी हाये तसा देव्हारा.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“त्या मास्तरनं इचारलं, काय कमी हाये. आमच्या घरी पण तसा कोनाडा होता. आम्ही त्यातले देव काढले, अन् बाबानं तिथं माही पुस्तकं ठेवली.” तिनं वळकटी रेंगीत टाकली. “मंग सांगा न बाई, कमी काय झालं?”